खोट्या भुतांच्या बाजूने

भुताच्या गोष्टी आवडतात असे आमच्या वर्गात कुणी उघडपणे सांगत नाही. कविता आवडते म्हटले की माणूस हळवा ठरतो, ग्रामीण कादंबरी आवडते म्हटले की मातीशी नाते सांगणारा ठरतो. भयकथा आवडते म्हटले की मात्र दोन्हीकडून मार बसतो. साहित्याचे अभ्यासक तिला पंगतीच्या शेवटी बसवतात, आणि विज्ञाननिष्ठ मंडळी विचारतात, "या काळात भुते कसली बघता?" ग्रंथालयातल्या नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या पुस्तकांची पाने सर्वांत जास्त सैल झालेली आहेत, ती कुणाच्या हातांनी, हे कोडेच आहे! असो. मला भुताच्या गोष्टी आवडतात, आणि त्यातही पाच-दहा मिनिटांचे भयाचे ॲनिमेशनपट, म्हणजे चित्रांतून किंवा बाहुल्यांतून हलणारी भुते, फारच आवडतात. ही आवड लपवण्यासारखी नाही, असे माझे म्हणणे आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेले नाही. गोष्टींची शाळा मात्र जुनी. आजीजवळ मुंजा होता, हडळ होती, रात्रभर एकाच बांधाभोवती फिरवणारा चकवा होता. पण आजीच्या तोंडी त्या गोष्टी नव्हत्याच, ती नियमावली होती. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायचे नाहीत, ओढ्याकाठच्या पिंपळाखालून एकटीने यायचे नाही, मागून हाक आली तर वळायचे नाही. माझ्या भावाला यातली फार थोडी कलमे लागू होती. मुंजाला मुलगे कसे चालतात, असे मी एकदा विचारले तर उत्तर मिळाले, "लई शिकलीस."

यातले सारेच हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. चुलतीला बाळंतपणानंतर ताप आला, तो उतरेना. "बाहेरचं हाय" म्हणून तिला आधी देवऋषाकडे नेले, दवाखान्यात नंतर. मध्ये अकरा दिवस गेले. काकू वाचली. पण ज्या घरात भूत खरे असते तिथे भयकथेचा आनंद कुणाला घेता येतो? भिण्यातच सगळी शक्ती खर्च होते.

नुसत्या धाकासाठी मोठ्यांनी रचलेली भुते सगळ्या देशांत असावीत. ई. टी. ए. हॉफमन या जर्मन लेखकाने १८१६ मध्ये 'सँडमॅन' नावाची कथा लिहिली. तिच्यातल्या नथानिएलला दाई सांगते की, न झोपणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत सँडमॅन वाळू टाकतो आणि ते डोळे चंद्रावरच्या आपल्या पिलांना चारतो. आई म्हणते, असे कुणी नसते, तुला झोप आली एवढाच त्याचा अर्थ. पोराच्या मनात राहते ते दाईचे! मोठेपणीही ते त्याला सोडत नाही, आणि शेवटी तो उंच मनोऱ्यावरून उडी घेतो. याच कथेवरून पॉल बेरी यांनी १९९१ मध्ये बाहुल्यांचा छोटा चित्रपट केला. दहा मिनिटांच्या आतबाहेर. पक्ष्यासारख्या चालीचा सँडमॅन जिना चढतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि त्या पोराचे डोळे काही वाचत नाहीत. मी तो पाहिला तेव्हा पहिल्यांदा वाटले की आमच्या बागुलबुवाचा कुणीतरी पंचनामा केला आहे. दाईने जे खरे म्हणून सांगितले, ते बेरींनी लाकूड-कापडाचे करून आपल्यापुढे ठेवले.

ॲनिमेशनची मला वाटणारी थोरवी इथेच आहे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. म्हणजे पाच मिनिटांच्या भुताला सात हजार दोनशे चौकटी. एकेक चित्र दोन चौकटी टिकवले तरी तीन हजार सहाशे चित्रे कुणीतरी बसून काढलेली असतात. एवढ्या कष्टाने केलेले भूत 'मी खरा आहे' असे म्हणूच शकत नाही. त्याची रेघ दिसते, रंग दिसतो. आणि तरी आपण भितो! खोटे आहे हे दोघांनाही ठाऊक असताना लागलेली ही भीती मला फार प्रामाणिक वाटते.

१९५३ चा 'द टेल-टेल हार्ट' घ्या. एडगर ॲलन पो यांच्या १८४३ मधल्या कथेवरचा. यात भूत नाही. म्हाताऱ्याचा एक डोळा सहन होत नाही म्हणून खून करणारा माणूस आहे, आणि तो जवळजवळ दिसतच नाही. आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतो. वाकड्या भिंती, सावल्या आणि जेम्स मेसन या नटाचा आवाज, एवढेच भांडवल. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने त्याला 'एक्स' प्रमाणपत्र, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचे, दिले. असे प्रमाणपत्र मिळालेला हा पहिला कार्टूनपट. रक्ताचा थेंब न सांडता भिववणे यालाच म्हणतात.

आमच्या साहित्यशास्त्राच्या सरांना ही उदाहरणे परकी वाटतील, म्हणून घरचे सांगते. भरताने नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले त्यांत भयानक आहे. त्याचा वर्ण काळा, देवता काल. अभिनवगुप्ताने त्यासाठी शाकुंतलातले, दुष्यंताच्या बाणापुढे पळणारे हरिण घेतले आहे. भय त्या हरिणाचेही राहत नाही आणि माझेही राहत नाही, म्हणूनच ते चाखता येते. आजीच्या मुंजाला हे साधत नव्हते, कारण तो थेट माझ्याच वाटेवर बसलेला होता.

विज्ञाननिष्ठ मित्रांशी माझे भांडण अर्धेच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याची गरज काय, हे आमच्या काकूला विचारावे. पण कायद्याला भिडायचे आहे ते भूत उतरवून देतो म्हणणाऱ्याशी, भूत चितारणाऱ्याशी नव्हे. मला चीड येते ती मोबाइलवर फिरणाऱ्या 'सत्य घटना' म्हणवणाऱ्या चित्रफितींची. अंधुक कॅमेरा, किंकाळी, आणि खाली 'अमुक घाटात खरोखर घडलेले'. त्या देवऋषाच्याच धंद्यातल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला वॉल्ट डिस्नेचा १९२९ चा 'द स्केलेटन डान्स' दाखवला. संवाद नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नाही. मध्यरात्री थडग्यांतून सांगाडे निघतात, नाचतात, एक दुसऱ्याच्या पाठीच्या हाडांवर वाद्य वाजवतो, आणि कोंबडा आरवताच सगळ्यांची पळापळ होते. आजी म्हणाली, "यांचंबी कोंबडं आरवलं की पळतंय व्हय?" नंतर तिने मुंजाची गोष्ट पुन्हा सांगितली. त्याची शेंडी एकदा गुडघ्यापर्यंत होती, एकदा जमिनीपर्यंत. आम्ही हसलो, तीही हसली. आणि अंधारात बाहेर मोरीकडे जायला मग दोघींपैकी कुणी तयार होईना!

मराठी वाङ्मय मंडळाला एक सूचना करते. हे तीन चित्रपट मिळून अर्धा तासही लागत नाही. एखाद्या शनिवारी दुपारी, शेवटच्या एस.टी.ने जाणाऱ्या मुलींना थांबता येईल अशा वेळी, सभागृहाच्या खिडक्यांना पडदे लावून ते दाखवावेत. उरलेल्या वेळात प्रत्येकाने आपल्या गावचे एक भूत सांगावे. अट एकच : "हे खरंच घडलंय हं" असे कुणी म्हणायचे नाही.