अर्धवेळ की हंगामी? वाढत्या पेढीचा कारभारी निवडताना

आडते बाजारातील एखादी पेढी दोन पिढ्यांत नागापूर किंवा सुपे औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत पोहोचते, तेव्हा उलाढाल वाढते, कामगार वाढतात, बँकेची कर्जमर्यादा वाढते. निर्णयाची गादी मात्र बहुधा तीच राहते. सकाळी खरेदीचे भाव, दुपारी वसुली, सायंकाळी जीएसटीची विवरणपत्रे आणि रात्री कामगारांच्या तक्रारी, हा सारा व्याप एकाच व्यक्तीच्या फोनवर चालत असतो. मग एक दिवस तो चालेनासा होतो. कधी थोरल्या बंधूंची प्रकृती ढासळते, कधी कारखान्याचा व्यवस्थापक अचानक नोकरी सोडतो, तर कधी विक्री वाढत असूनही हाती रोकड उरत नाही.

अशा वेळी बाहेरून जाणता माणूस आणावा, असे कुटुंबात ठरते. पूर्णवेळ ज्येष्ठ अधिकाऱ्याचे वेतन परवडत नाही, किंवा योग्य व्यक्ती लगेच मिळत नाही. तेव्हा दोन पर्याय समोर येतात. पहिला अर्धवेळ प्रमुखाचा : आठवड्यातून एक-दोन दिवस येणारा, उरलेल्या दिवशी अन्य व्यवसायांचे काम पाहणारा, पण वर्षानुवर्षे सोबत राहू शकणारा. दुसरा हंगामी प्रमुखाचा : सहा-आठ महिन्यांपुरताच येणारा, पण त्या काळात पूर्णवेळ खुर्चीवर बसून पूर्ण अधिकाराने कारभार चालवणारा. घरगुती बोलण्यात दोघांनाही ‘कन्सल्टंट’ असे एकच नाव मिळते आणि निवडीची चूक तेथेच सुरू होते. सल्लागार सल्ला देऊन मोकळा होतो. हे दोघेही निर्णय घेतात आणि त्या निर्णयांना उत्तरदायी असतात. त्यांच्यात फरक आहे तो वेळेच्या मोजमापाचा. एकाचे दिवस थोडे, पण साथ दीर्घ. दुसऱ्याचे दिवस पूर्ण, पण मुदत थोडी.

व्यापारी समाजाला यातील पहिली पद्धत नवी नाही. ज्या लहान पेढ्यांना स्वतंत्र मुनीम पेलत नसे, त्यांच्या वह्या सायंकाळच्या वेळी येणारे मुनीमजी लिहीत. त्यांचे नाते मात्र वर्षानुवर्षांचे असे.

याच जिल्ह्याच्या इतिहासात या पद्धतीचे एक मोठे उदाहरण आहे. प्रवरा काठच्या लोणी परिसरात शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५०-५१ च्या सुमारास तेथे गाळप सुरू झाले. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते १९३० पासून संचालक होते आणि ते पद त्यांनी १९६६ पर्यंत सांभाळले. म्हणजे कारखान्याच्या सुरुवातीच्या काळात अध्यक्षाचे मुख्य काम पुण्यात होते आणि कारखाना लोणीत. तरीही हा कारभार उभा राहिला, कारण विठ्ठलराव विखे पाटील लोणीतच होते. गावोगाव फिरून भागभांडवल जमवणे, सभासदांचा विश्वास टिकवणे, रोजच्या अडचणी सोडवणे हे काम त्यांचे. धोरण, हिशेबाची शिस्त आणि बाहेरच्या जगातील पत ही गाडगीळांची बाजू. पुढे अध्यक्षपदही विठ्ठलरावांकडे आले. अध्यक्षपद हे रोजच्या कार्यकारी कामाचे पद नव्हे, हे खरे. पण व्यवसायिकांनी घ्यावा असा धडा यात स्पष्ट आहे. जागेवर रोज उभा राहणारा भक्कम माणूस असेल, तरच अर्धवेळ नेतृत्व फळते.

हंगामी कारभाराचा परिचय जिल्ह्याला वेगळ्या वाटेने आहे. सहकारी संस्था, बाजार समित्या, नगरपालिका यांवर प्रशासक येतो, तो मुदतीपुरताच. त्यामुळे ‘हंगामी’ या शब्दाला संकटाचा वास येतो. वस्तुतः नीट आखलेली हंगामी व्यवस्था हे दूरदृष्टीचे लक्षण आहे. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी टाटा सन्सच्या अध्यक्षपदी अचानक बदल झाला. त्याच दिवशी रतन टाटा यांना हंगामी अध्यक्ष नेमण्यात आले, नव्या अध्यक्षाच्या शोधासाठी समिती जाहीर झाली आणि तिला चार महिन्यांची मुदतही देण्यात आली. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी एन. चंद्रशेखरन यांनी सूत्रे हाती घेतली. त्या वादाची योग्यायोग्यता हा वेगळा विषय. येथे पाहायची ती रीत : हंगामी व्यक्ती, तिची मुदत आणि तिच्यानंतर येणाऱ्याचा शोध, या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी ठरल्या. लहान पेढीत नेमके याच्या उलट घडते. ‘तूर्त तुम्ही बघा’ असे म्हणून एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला बसवले जाते, शोध कोणीच घेत नाही आणि ‘तूर्त’ची तीन वर्षे होतात.

निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की काम थोडे आहे की काळ थोडा आहे?

समजा, एका कारखान्याची वार्षिक विक्री २० कोटींवरून ३० कोटींवर गेली आणि विक्री वाढवण्यासाठी उधारी ६० दिवसांवरून ९० दिवसांवर नेली. पूर्वी ग्राहकांकडे सुमारे ३.३ कोटी रुपये अडकलेले असत. आता सुमारे ७.४ कोटी अडकतात. विक्री दीडपट झाली, पण अडकलेली रक्कम दुपटीहून अधिक झाली. शिवाय ९० दिवसांहून जुनी येणी बँका सामान्यतः ड्रॉइंग पॉवरच्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे पैसा जेव्हा सर्वाधिक हवा, तेव्हाच कॅश क्रेडिट आखडते. कुटुंबाला वाटते, धंदा वाढला तरी बरकत कुठे गेली? येथे दुखणे कायमचे आहे, पण त्यावरचे काम रोज आठ तासांचे नाही. येण्यांची वयवार यादी, प्रत्येक ग्राहकाची उधारीची मर्यादा, पुढील तेरा आठवड्यांच्या रोकडीचा अंदाज आणि महिन्याचा स्टॉक स्टेटमेंट बँकेत जाण्यापूर्वीची तपासणी, एवढे काम अनुभवी वित्तप्रमुख आठवड्यातील दोन दिवसांत करू शकतो, मात्र त्याच्या हाताखाली रोजचा चोख लेखापाल हवा. हे अर्धवेळ नेमणुकीचे क्षेत्र.

आता दुसरी स्थिती. ऐन हंगामाच्या तोंडावर कारखान्याचा प्रमुख सोडून गेला आहे, किंवा कुटुंबप्रमुखांना शस्त्रक्रियेनंतर सहा महिने विश्रांती सांगितली आहे आणि चिरंजीवांचे शिक्षण अद्याप पूर्ण व्हायचे आहे. येथे मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा माणूस कितीही विद्वान असला, तरी बुधवारी बिघडलेले यंत्र आणि गुरुवारी परत आलेला माल त्याची वाट पाहत थांबत नाहीत. येथे हंगामी, पण पूर्णवेळ प्रमुखच हवा.

खर्चाची तुलनाही याच दृष्टीने करावी. समजा, पूर्णवेळ वित्तप्रमुखाचे वार्षिक वेतन २४ लाख रुपये आहे. सहापैकी दोन दिवसांचे प्रमाणशीर आठ लाख होतात. अर्धवेळ व्यक्ती दिवसाचा दर अधिक लावणार, म्हणून बारा लाख धरू. बचत मोठी दिसते. हंगामी प्रमुख सहा महिन्यांसाठी कदाचित पंधरा लाख मागेल आणि महाग वाटेल. पण हंगामी माणसाची गरज असताना अर्धवेळ नेमला, तर वाचलेले पैसे एका फसलेल्या हंगामात कितीतरी पटींनी जातात. उलट, दोन दिवसांच्या कामासाठी पूर्णवेळ माणूस बसवला, तर तो उरलेल्या चार दिवसांसाठी काम शोधतो आणि पेढीत नको त्या फायली वाढतात.

दुसरा प्रश्न निष्ठेचा. अर्धवेळ प्रमुख इतरांकडेही काम करतो. एकाच कोठीने अनेक कंपन्यांचा कारभार पाहण्याची ‘मॅनेजिंग एजन्सी’ पद्धत भारतात दीर्घकाळ चालली. तिने अनेक उद्योग उभे केले. पण एका कंपनीचे हित दुसरीसाठी वापरले जाते, ही तक्रारही तिच्यावर सातत्याने होत राहिली आणि ३ एप्रिल १९७० पासून कायद्याने ती बंद झाली. म्हणून अर्धवेळ प्रमुखाच्या करारात तो प्रतिस्पर्धी व्यवसायात काम करणार नाही, भाव आणि ग्राहकांची माहिती बाहेर नेणार नाही आणि नव्या कामाची पूर्वसूचना देईल, या अटी स्पष्ट असाव्यात. तोंडी शब्दाची परंपरा थोर आहे. करारपत्र त्या शब्दाला बळच देते.

तिसरा प्रश्न कायद्याचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०३ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, तसेच १० कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांना मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा व्यवस्थापकीय संचालक, कंपनी सचिव आणि वित्तप्रमुख ही पदे पूर्णवेळ भरावी लागतात. पद रिक्त झाल्यास सहा महिन्यांत नेमणूक करावी लागते. भागीदारी संस्था आणि बहुतेक खासगी कंपन्यांना हे लागू नाही. परंतु एसएमई मंचावर भागविक्री करण्याचा विचार असलेल्या घराण्यांनी हे ध्यानी ठेवावे : तेथवरची तयारी अर्धवेळ वित्तप्रमुख करून देईल, नोंदणीनंतर ती खुर्ची पूर्णवेळच भरावी लागेल.

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा, आणि तोच बहुधा विचारला जात नाही : सही कोणाची? कारभारी अर्धवेळ असो वा हंगामी, तो एक दिवस जाणार. बँकेतील वैयक्तिक हमी मात्र कुटुंबाचीच राहते आणि गहाण ठेवलेले घरही कुटुंबाचेच. म्हणून कर्ज उचलणे, मालमत्ता विकणे वा गहाण ठेवणे आणि हमी देणे हे अधिकार कुटुंबाकडे ठेवावेत. परंतु त्याखालील मर्यादा ठरवून, लेखी देऊन, नंतर मोडू नये. पाच लाखांपर्यंतची खरेदी, उधारीची मर्यादा, कामगारांची नेमणूक हे अधिकार दिले असतील, तर जुन्या ग्राहकाने थेट शेठजींना फोन करून जादा उधारी मागितल्यावर शेठजींनी ‘कारभाऱ्यांशी बोला’ एवढेच म्हणावे. हे वाक्य उच्चारणे जड जाते. ते ज्यांना उच्चारता येत नाही, त्यांनी बाहेरचा प्रमुख नेमूच नये. तो खर्च व्यर्थ जातो आणि चांगल्या माणसाचा अवमान होतो. व्यवस्थापनातील हा बदल बँकेलाही लेखी कळवावा, कारण अनेक मंजुरीपत्रांत तशी अट असते.

शेवटचा विचार, तो गेल्यावर काय उरेल याचा. नेमणुकीच्या पहिल्याच महिन्यात घरातील एक व्यक्ती त्याच्याजवळ शिकण्यास बसवावी. ती धाकटा मुलगा असेल, किंवा सीए झालेली आणि घरच्या वह्यांना अद्याप हात न लावलेली सून असेल. दर महिन्याच्या अहवालाची एक प्रत तिने तयार करावी, बँकेच्या बैठकीला तिने जावे, मोठ्या ग्राहकांच्या वसुलीच्या बोलण्यात तिने उपस्थित असावे. अर्धवेळ प्रमुखाच्या कामाचा आढावा दरवर्षी घ्यावा. हंगामी प्रमुखाच्या जाण्याची तारीख नेमणूकपत्रातच लिहावी आणि त्या तारखेपूर्वीचे दोन महिने सूत्रे सोपवण्यासाठी राखून ठेवावेत. त्या दोन महिन्यांत सही त्याची असावी, पण निर्णयाचा मसुदा घरच्या व्यक्तीने लिहिलेला असावा.