अपंग मुलाचा सांभाळ आणि गरिबाचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. ही मोजदाद व्यक्तींची. त्यांच्या कुटुंबांवर पडणारा भार तीत दिसत नाही. घर मोलमजुरीवर चालत असेल आणि मूल अपंग असेल, तर खरा प्रश्न या भाराचाच असतो.

अपंगत्वामुळे मिळकत घटते आणि आहे त्या मिळकतीतून साधणारे जीवनमानही खालावते, असा दुहेरी अडसर अमर्त्य सेन यांनी दाखवून दिला आहे. मजुराच्या घरात दोन्ही अडसर एकदमच येतात. मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या मुलाला सोडून आईला कामावर जाता येत नाही, म्हणजे एक रोजगार कायमचा बुडतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात जावयाचे, तर प्रवासखर्च होतो आणि बापाचाही त्या दिवसाचा रोजगार जातो. उपचार विनामूल्य असले, तरी ते गरिबाला फुकट पडत नाहीत.

आता शासनाच्या मदतीकडे पाहू. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेतून दरमहा ३०० रुपये मिळतात; परंतु त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, ८० टक्के अपंगत्व आणि किमान १८ वर्षे वय या अटी आहेत. म्हणजे मूल हे मूल असेपर्यंत ही योजना त्याच्या घराकडे फिरकतच नाही! उलट, जुनी करपद्धती स्वीकारणाऱ्या आयकरदात्याला अपंग अपत्यासाठी ७५ हजारांची आणि अपंगत्व तीव्र असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. ही सवलत अवाजवी मुळीच नाही. पण ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याला तिचा उपयोग काय?

महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि तीत अपंगांचा समावेश आहे. मात्र तेथेही पाहिले जाते ते उत्पन्न आणि अपंगत्वाची टक्केवारी. सांभाळ करणाऱ्याचे बुडालेले श्रम हिशेबात येत नाहीत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने ही उणीव ओळखली होती. अधिक आधाराची गरज असलेल्या अपंगांसाठी सांभाळभत्त्याची तरतूद त्याच्या २४ व्या कलमात आहे. परंतु ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही पुस्तीही त्याच कलमाला जोडलेली आहे. केरळने मात्र अशा काळजीवाहकांसाठी महिना ६०० रुपयांची ‘आश्वासकिरणम्’ योजना आखली. रक्कम अल्प असली, तरी सांभाळ हे श्रम आहेत, हे तत्त्व तीत मान्य झाले.

तेव्हा निवृत्तिवेतनाची वयाची अट काढून टाकणे, सांभाळभत्त्याची सांगड किमान वेतनाशी घालणे आणि अशा मुलांना दिवसाचे काही तास सांभाळणारी केंद्रे गावपातळीवर उघडणे, या तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. तो आजही खर्च होतच आहे. फक्त तो सर्वांत गरीब घरातील बाईच्या बुडालेल्या मजुरीतून वसूल होतो आणि म्हणूनच कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.