प्रतिज्ञा आणि पूर्वपक्ष

साहित्याच्या वर्गात काही प्रश्न असे असतात की, त्यांची उत्तरे विद्यार्थी पुस्तक उघडण्यापूर्वीच घरून घेऊन आलेले असतात; संपत्ती आणि सुख यांचा परस्परसंबंध हा त्यांपैकी एक. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात टॉलस्टॉयची, माणसाला किती जमीन लागते असा प्रश्न शीर्षकातच विचारणारी 1886 सालची कथा मराठी अनुवादातून वाचून झाल्यावर, तिच्यावर लिहावयाच्या निबंधाचे मध्यवर्ती विधान प्रत्येकाने एका वाक्यात मांडून आणावे, असे मी सांगितले, तेव्हा जमा झालेल्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेकींवर 'संपत्तीने सुख मिळत नाही' हेच वाक्य, फार तर एखादा शब्द इकडचा तिकडे करून, लिहिलेले होते. अक्षर निराळे, शाई निराळी, गावे निराळी, विधान एकच.

ही मुले खोटे बोलत होती, असे मी म्हणणार नाही. कीर्तनातून, शाळेच्या भिंतीवरील सुविचारांच्या फळ्यातून, बक्षीस-समारंभांतील भाषणांतून आणि बाजारात मिळणाऱ्या तयार उत्तरांच्या पुस्तकांतून जे वाक्य वारसाहक्काने त्यांच्याकडे चालत आले, ते त्यांनी प्रामाणिकपणे कागदावर उतरविले. परंतु ज्यांनी घरावरचे कर्ज फेडण्यासाठी पदवीची वाट धरली आहे, ज्यांच्या बहिणीचे लग्न एका रकमेपायी अडले आहे, परीक्षा-शुल्काची मुदत टळू नये म्हणून ज्यांच्या आईने कानातले गहाण ठेवले आहे, त्यांनीच संपत्तीत सुख नाही असे लिहावे, आणि लिहिताना हाताला क्षणभरही अडखळल्यासारखे होऊ नये, यात मला आपल्या साहित्यशिक्षणाचे फार मोठे अपयश दिसते. जगलेले आयुष्य एका वहीत आणि साहित्यावरचे मत दुसऱ्या वहीत, अशी ही वाटणी आपणच मुलांना शिकवली आहे.

यावर उपाय म्हणून शिक्षकाची तांबडी शाई पुरी पडत नाही, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. कारण शिक्षकाचा शेरा हा विद्यार्थ्याला हुकमासारखा वाटतो, आणि हुकूम मानायचा असतो, त्याच्याशी वाद घालायचा नसतो. जे काम त्या शेऱ्याने होत नाही, ते शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याच्या हरकतीने होते. म्हणून मी असा आग्रह धरतो की, निबंध लिहिण्यापूर्वी त्याचे एकवाक्यी विधान सहाध्यायांच्या हाती द्यावे, त्यांनी पुस्तकातील पानाचा दाखला देऊन त्यावर हरकत घ्यावी, मूळ लेखकाने तिचा खुलासा करावा किंवा विधान बदलावे, आणि या कामासाठी वर्गातील तासिका बिनदिक्कत खर्ची पडाव्यात, मग अभ्यासक्रमातील एखादा पाठ मागे राहिला तरी चालेल.

ही रीत परदेशातून आयात केलेली आहे, असा आक्षेप काही स्नेह्यांनी घेतला. त्यांना मी न्यायशास्त्राचे स्मरण करून देतो. जे सिद्ध करावयाचे त्या विधानाला आपल्या नैयायिकांनी 'प्रतिज्ञा' म्हटले आणि तिच्यामागे हेतु, उदाहरण, उपनय व निगमन अशी चार पावले टाकल्याशिवाय ती सिद्ध झाली असे मानले नाही. आमचा विद्यार्थी आरंभी प्रतिज्ञा लिहितो, अखेरीस तीच निगमन म्हणून पुन्हा लिहितो, आणि मधली तीन पावले सुभाषितांनी भरून काढतो. शास्त्रग्रंथांत तर प्रतिपक्षाचे म्हणणे 'पूर्वपक्ष' म्हणून सर्व बळानिशी मांडल्यावाचून स्वतःचा सिद्धान्त सांगण्याची मुभाच नसे. शेजारचा विद्यार्थी म्हणजे चालताबोलता पूर्वपक्ष.

त्या दिवशी वर्गात काय घडले, ते मी थोडे विस्ताराने सांगतो. धान्याच्या अडतीचा धंदा असलेल्या घरातील एका मुलाची चिठ्ठी ऊसतोड कामगारांच्या घरातून आलेल्या एका मुलीच्या हाती पडली. मुलाने लिहिले होते की, पाखोम हा शेतकरी लोभी होता म्हणून तो मेला आणि यावरून संपत्तीने सुख मिळत नाही हे सिद्ध होते. कथेचा शेवट त्याच्या बाजूने होता: बाश्कीर लोकांनी एक हजार रूबलांत, सूर्यास्तापर्यंत जितक्या जमिनीला वळसा घालून परत येशील तितकी तुझी, असे सांगितले, पाखोम अधिकाधिक लांबचा वळसा घेत गेला आणि धावत धावत परत येऊन त्याने प्राण सोडला, अखेर त्याला पुरण्यापुरती जमीन लागली. मुलीने तो शेवट बाजूला ठेवला आणि विचारले, "पाखोमला पहिल्या जमिनीनं आनंद झालाच होता ना रे? मग 'मिळत नाही' हे तू कुठून काढलंस?"

मुलाने पान उलटले. आपल्या पहिल्यावहिल्या शेतातील पिके व कुरणे पाहून पाखोमचे अंतःकरण भरून येते, हे टॉलस्टॉयने स्पष्ट सांगितलेले आहे. मुलगी थांबली नाही. पाखोमला जमीन हवीशी का वाटली, तर शेजारच्या जमीनदार बाईने नेमलेला कारभारी, गुरे तिच्या रानात शिरली की दंड करीत असे, आणि त्या दंडाला तो विटून गेला होता. म्हणजे आरंभी जे होते ते जाचातून सुटण्याची धडपड होती, लोभ मागाहून आला, असे तिचे म्हणणे. आणि मग तिने ज्या ओळीवर बोट ठेवले, ती ओळ कितीतरी वर्षे ही कथा शिकवूनही माझ्या दृष्टीआडच राहिली होती. पहिली जमीन घेताना पैसे पुरे पडेनात, तेव्हा पाखोमने शिंगरू विकले, निम्म्या मधमाश्या विकल्या, मेहुण्याकडून उसने घेतले, आणि एका मुलाला मजुरीवर ठेवून त्याचे पैसे आगाऊ उचलले. "ही उचलच आहे की," ती म्हणाली. "जमीन बापाची झाली, पण राबला पोरगा. त्याच्या सुखाचं काय?"

मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फेडण्यासाठी आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जाणे ज्या मुलीने लहानपणी पाहिले आहे, तिलाच त्या ओळीत आपला शब्द ऐकू येणार. एकोणिसाव्या शतकातील रशियन कथेचे ते वाचन कोणत्याही तयार उत्तरांच्या पुस्तकात सापडणार नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्या टिपणवहीतही नव्हते. चिठ्ठ्यांची अदलाबदल केली नसती, तर त्या मुलीनेही परीक्षेत तेच सर्वांचे वाक्य लिहिले असते. दुसऱ्याचे वाक्य तपासताना तिला स्वतःचे डोळे वापरण्याचा अधिकार आपल्याला आहे असे प्रथमच वाटले. परीक्षण ज्याचे होते त्याच्यापेक्षा परीक्षण जो करतो त्याचा लाभ अधिक, हे मी त्या तासाला पाहिले.

एकदा का हा प्रश्न असा मोकळा झाला की, आपल्या साहित्यातील कितीतरी परिचित पाने अपरिचित भासू लागतात. 'गरिबीतही सुख असते' या विधानासाठी विद्यार्थी हमखास 'श्यामची आई'चा दाखला देतात. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात मायेची श्रीमंती आहे, हे कोण नाकारील? परंतु सावकाराच्या वसुलीला आलेला माणूस दारात बसून जे बोलतो आणि त्याने त्या माउलीच्या काळजाला जी घरे पडतात, तेही त्याच पुस्तकात आहे, आणि एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला, "आई सुखी होती की श्याम सुखी होता?" असे विचारताच त्या गुळगुळीत विधानाचे दोन तुकडे झाले. 'मृच्छकटिका'तील चारुदत्ताला धन गेल्याचे दुःख नाही, दरिद्री झालेल्या घराकडे अतिथी पाठ फिरवतात याचे आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडणाऱ्या त्याच्या मुलाच्या मातीच्या गाडीत वसंतसेना आपले अलंकार घालते, आणि वात्सल्याने दिलेले तेच अलंकार पुढे न्यायासनासमोर चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा ठरतात. या नाटकाला 'धन वाईट' किंवा 'धन चांगले' यांपैकी कोणत्या खणात टाकाल?

तुकोबांविषयी तर फारच सावधपणे लिहावे लागते. वैराग्याचा दाखला म्हणून त्यांचे नाव घेणाऱ्या विद्यार्थ्याला सहाध्यायाने विचारले पाहिजे की, सचोटीच्या व्यवहाराने पैसा मिळवावा आणि त्यात जीव न अडकवता तो खर्च करावा, असा सल्ला देणारा अभंग कोणाचा? देहूच्या महाजनाच्या घरात जन्मलेल्या, दुष्काळात दिवाळे निघालेल्या आणि पहिली पत्नी भुकेने गमावलेल्या माणसाने कर्जखते इंद्रायणीत बुडविली अशी जी परंपरागत कथा सांगतात, तिच्यात संपत्तीचा तिरस्कार किती आणि ऋणकोंविषयीची करुणा किती, हे ठरविण्यासाठी अभंगच पुन्हा उघडावे लागतात. आणि भर्तृहरीच्या नावावर तर नीतिशतक आणि वैराग्यशतक अशी दोन्ही शतके आहेत. पहिल्यात द्रव्याच्या सत्तेचे रोखठोक वर्णन, दुसऱ्यात त्या द्रव्यामागे धावण्याचा उबग. एकाच कवीला जी दोन्ही सत्ये सांगावीशी वाटली, ती विसाव्या वर्षाच्या मुलाने एका सुविचारात मिटवून टाकावीत, हे मला सहन होत नाही.

माझ्या या आग्रहावरील सर्वांत गंभीर आक्षेप वेळेचा नाही, भीतीचा आहे. शंभराच्या वर विद्यार्थी असलेल्या तुकडीत अठ्ठेचाळीस मिनिटांत हे कसे साधावे, ही अडचण खरी आहे, पण चार-चारांचे गट केले आणि शिक्षक गटांतून फिरत राहिला की ती सुटते. भीतीचे तसे नाही. संपत्तीविषयी बोलणे म्हणजे पर्यायाने स्वतःच्या घराविषयी, आणि आपल्या समाजात बहुधा जातीविषयीही बोलणे होय; अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'तील दुष्काळी धान्यलुटीवर चर्चा करताना एका कोपऱ्यात नीतीची भाषा निघते आणि दुसऱ्या कोपऱ्यात भुकेची, आणि या दोन कोपऱ्यांतील अंतर केवळ मतांचे नसते. हरकतीचा घाव वाक्यावर पडण्याऐवजी माणसावर पडला, तर वर्षभर ते मूल तोंड उघडणार नाही. म्हणून प्रत्येक हरकतीमागे पुस्तकातील पान असलेच पाहिजे, हा नियम मी कठोरपणे पाळतो. पानावाचून आलेली हरकत मी दाखलच करून घेत नाही. कोणालाही आपल्या घरची हकीकत सांगण्याची सक्ती नसते. त्या मुलीने 'उचल' हा शब्द उच्चारला तो स्वतःहून, आणि त्यामागे कथेतील ओळ होती म्हणून त्याला वर्गात वजन आले.

आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी, तसा हा प्रकार आहे, असेही काही ज्येष्ठ म्हणतात. मला मात्र या मुलांमध्ये अंधत्व दिसत नाही. आपण पाहिलेले सांगण्यासारखे आहे, एवढाच विश्वास त्यांच्यापाशी नाही. पैशाची चणचण, उधारीचा अपमान, पहिल्या पगाराचा दिवस, शेत विकल्यानंतरची घरातली शांतता यांविषयी त्यांना जे ठाऊक आहे, त्याला साहित्याच्या विवेचनात प्रवेश मिळाला, तर समीक्षा अधिक काटेकोर होते, असाच माझा अनुभव आहे.

त्या तासाच्या अखेरीस अडत्याच्या मुलाने आपले विधान तिसऱ्यांदा लिहिले: पाखोमला जमिनीने सुख दिले, परंतु त्या सुखाची किंमत आधी त्याच्या मुलाने आणि नंतर त्याच्या शेजाऱ्यांनी मोजली. शेजारी का, तर ज्या दंडाला कंटाळून पाखोमने जमीन घेतली, तोच पाखोम जमीनधारक झाल्यावर शेजाऱ्यांची गुरे आपल्या रानात शिरली म्हणून त्यांना कोर्टात खेचतो, हे आता त्याच्या ध्यानात आले होते. चिठ्ठी परत मुलीकडे गेली. तिने ती सावकाश वाचली, आणि खाली पेन्सिलीने एवढेच लिहिले, "आणि बायको?"

घंटा झाली, वर्ग रिकामा होऊ लागला. तो मुलगा मात्र कथेचे पहिले पान काढून बसला होता, जिथे शहरातील थोरल्या बहिणीच्या श्रीमंतीला पाखोमची बायको आपल्या साध्या, निर्धास्त आयुष्याचे उत्तर देते आहे, आणि रशियन चुलीच्या उबदार ओट्यावर पडल्या पडल्या पाखोम ते ऐकतो आहे.