सुशिक्षित बंधु आणि बहिणीचा हिस्सा

महात्मा जोतीराव फुले यांनीं सन १८८२ मध्यें हंटर शिक्षण आयोगापुढें निवेदन केलें. सरकारचा महसूल बहुतांशीं रयतेच्या घामांतून येतो आणि खर्च होतो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. शिकलेला मनुष्य लेखणीच्या बळावर अडाण्यास नाडतो, हें त्यांचें दुःख होतें.

पुढें कुणब्यांचीं मुलें शिकलीं. वकील, प्राध्यापक, अधिकारी झालीं. सामाजिक न्यायावर तीं उत्तम व्याख्यानें देतात. परंतु वडिलांचें दिवसकार्य आटोपतांच यांतील कित्येक बंधु बहिणीस हक्कसोडपत्रावर सही करावयास नेतात, तेव्हां काय म्हणावें?

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. असे फेरफार आमच्या टेबलावरून किती गेले, याची गणती नाहीं. कागद नियमांत बसे, नोटीस निघे, हरकत येत नसे. माहेर तुटेल या भयानें बहीण सही करी, हें आम्हांस ठाऊक होतें. एकदां एका भगिनीनें जबाबावर सही करण्यापूर्वीं विचारलें, “भाऊसाहेब, ह्यात लिवलंय तरी काय?” जवळ उभा असलेला तिचा पदवीधर भाऊ म्हणाला, “काही नाही गं, वारसाचा कागद आहे.” आम्ही गप्प बसलों. तो दोष आमच्याही पदरीं आहे.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रानें सन १९९४ मध्यें व केंद्र सरकारनें सन २००५ मध्यें हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. सन २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. कोणी म्हणतात, जमिनीचे तुकडे होतील. चार भावांत वांटतांना ते होत नाहींत काय? कोणी म्हणतात, हुंडा दिला. हुंडा सन १९६१ च्या कायद्यानें गुन्हा आहे; शिवाय तो व्याह्यास गेला, मुलीस नव्हे.

बहिणीनें स्वसंतोषानें हक्क सोडला, तर तो तिचा अधिकार होय. मात्र प्रथम तिचें नांव वारस म्हणून सातबाऱ्यावर चढवावें; वर्षभर तरी कोणताही कागद तिजपुढें करूं नये; आणि सहीपूर्वीं तो तिला समजेल असा वाचून दाखवावा. आमच्या संघाच्या सभासदांनीं, विशेषतः शिकलेल्यांनीं, आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. सरकारकडे न्याय मागणाऱ्यानें आपल्या बहिणीस तो आधीं द्यावा. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.