लिफ्ट उचलंना म्हणजे पंपच गेला, हे ठरवलं कुणी?



मागच्या मे महिन्यात कपाशीच्या रानात रोटाव्हेटर चालू होता. आमच्या जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट सकाळी बरी उचलायची, दुपारी तेल तापलं की कण्हायची. बांधावर ट्रॅक्टर बंद करून जेवायला बसलो की भाकरी संपेपर्यंत रोटाव्हेटर जमिनीला टेकलेला. वैजापूरला नेला. मिस्त्रीनं लिव्हर दोनदा हलवला आणि म्हणाला, "पंप गेला." पंप, तेल, मजुरी धरून साडेनऊ हजार. दोन दिवस लिफ्ट झकास. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं लिफ्टचं झाकण उघडून बघितलं. पिस्टनची ओ-रिंग कापलेली. गाळणीवर काळा चिखल आणि सिलिकॉनचे तुकडे. रिंग शे-सव्वाशेची! दोन दिवस जे चाललं ते नवं घट्ट तेल घातलं म्हणून. जुना पंप पडवीत पडलाय, त्याच्याकडं बघितलं की अजून डोकं फिरतं.

साधा विचार करा. आमच्यासारख्या गिअर पंपाच्या ट्रॅक्टरात इंजिन बंद झालं की पंप फिरतच नाही. मग उचललेलं अवजार आपोआप खाली येतंय यात पंपाचा काय गुन्हा? तेल धरून ठेवायचं काम ओ-रिंग आणि व्हॉल्व्हचं. गळती तिथं शोधायची. हे मिस्त्रीला माहीत नव्हतं असं नाही. त्यानं बघितलंच नाही, आणि मीही विचारलं नाही.

म्हणून पाकिटाला हात घालायच्या आधी एवढं बघा:

१. तेल. ट्रॅक्टर सपाट जागेवर, लिफ्ट पूर्ण खाली, मग दांडी बघायची. लिफ्ट वर ठेवून मोजलं तर तेल कमीच दिसणार.

२. तेलाचा रंग. दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. फेस येत असेल आणि लिफ्ट हिसके देत असेल तर पंप हवा ओढतोय. तेल कमी आहे किंवा सक्शनच्या पाईपाचा जोड ढिला आहे.

३. गाळणी. जुन्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं. गिअरचा सगळा कीस गाळणीवर बसतो. गाळणी तुंबली की नवा पंपसुद्धा उपाशी राहतो.

४. लिव्हर. मॅसी 1035 सारख्या ट्रॅक्टरात पंप पोटात असतो आणि पीटीओवर फिरतो. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला राहिला तर लिफ्ट हलत नाही. एवढ्यासाठी ट्रॅक्टर ट्रॉलीत घालून नेलेले लोक आहेत!

५. मोकळी लिफ्ट उचलते, पण अवजार लावलं की नाही, तर दाब कमी पडतोय. रिलीफ व्हॉल्व्ह, ओ-रिंग की पंप, हे दाबाचं गेज लावल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. अंदाजानं तर नाहीच.

आणि नांगर खोल जात नाही, मधेच वर येतो, ही तक्रार तर बऱ्याचदा बिघाडच नसतो. पोझिशनचा लिव्हर वेगळा, ड्राफ्टचा वेगळा. ड्राफ्ट म्हणजे जमीन कडक लागली की ओढ ओळखून नांगर थोडा वर घेणं. हॅरी फर्ग्युसन नावाच्या माणसानं ही युक्ती काढली आणि 1939 च्या फोर्ड ट्रॅक्टरात ती तीन बिंदूंच्या जोडणीसकट आली. त्यानं नांगराचं वजन मागच्या चाकांवर आलं, पुढचं तोंड उचलायचं कमी झालं. आपल्या काळ्या रानात हाच लिव्हर कामाचा, आणि आपण तो वर्षानुवर्षं एकाच जागी गंजवतो.

आता आपलं चुकतं ते. आपण पार्टचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. मिस्त्री दोन तास झाकण उघडून बसला आणि शंभराची रिंग बदलली, तर मजुरीसाठी आपण भांडतो. तोच पंप बदलून दहा हजारांचं बिल देईल तर मुकाट काढून देतो. मग तो काय बदलेल? वर आपण संध्याकाळी ट्रॅक्टर नेऊन सकाळी परत मागतो. इंजिनचं जळकं तेल लिफ्टमध्ये ओततो. छोट्या ट्रॅक्टरला मोठा रोटाव्हेटर लावतो. लिफ्टनं बिचारीनं किती सोसायचं?

कंपन्यांनाही सोडायचं कारण नाही. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, त्यात शेतीची यंत्रं हे एक क्षेत्र धरलं. चांगलं झालं. पण माझ्या हातात मराठीत, चित्रांसकट, कुठल्या बिघाडात काय तपासायचं हे सांगणारं पुस्तक येईल तेव्हा तो हक्क माझा. तोपर्यंत मिस्त्री म्हणेल ते खरं.

म्हणून आता मी मिस्त्रीला आधीच सांगतो: तपासणीचे पैसे वेगळे घे, उघडून दाखव, गेज लाव, आणि काढलेला पार्ट माझ्या हातात दे. तुम्हीही सांगून बघा.

एक शेवटचं, हे पोराबाळांनाही सांगा. उचललेल्या अवजाराखाली कधी शिरायचं नाही, आधी खाली टेकवा किंवा भक्कम ठोकळे द्या. गळती हातानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघा. दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं. तसं झालंच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट मोठ्या दवाखान्यात जा, हळद लावून घरी बसू नका.