द्विभाषिक वर्गातली तिसरी भाषा

धुळे जिल्ह्यातील एका शाळेत दुसरीच्या वर्गाची वाचनतपासणी पाहण्याचा योग आला. सेमी-इंग्रजी वर्ग, म्हणजे गणित इंग्रजीतून, उरलेले मराठीतून. एका मुलीने 'तू इथे ये' हे वाक्य 'तू आठे ये' असे वाचले. बाईंनी तक्त्यात चूक मांडली. पुढच्या मुलाने अख्खा उतारा न अडखळता म्हटला. झाडाखाली कोण बसले होते, असे मी त्याला विचारले, तर त्याने उतारा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. त्याला पूर्ण गुण.

माझा आक्षेप बाईंवर नाही, तक्त्यावर आहे. 'इथे'च्या जागी 'आठे' म्हणण्यासाठी त्या मुलीला अक्षरे ओळखावी लागली, शब्द लावावा लागला, अर्थ पकडून तो आपल्या अहिराणीत आणावा लागला. वाचन म्हणतात ते याहून निराळे काय असते? २०२१ साली आलेल्या 'निपुण भारत'ने दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचे लक्ष्य ठेवले. त्यात आकलनही अपेक्षित आहे. पण वर्गात घड्याळ असते, आकलन मोजण्याची सवड नसते.

या वर्गाला द्विभाषिक म्हणायचे, आणि त्या दोन भाषांत मुलीची भाषा एकही नाही! २०२०च्या शैक्षणिक धोरणात 'घरची भाषा' हा शब्द आहे. तो आपण सोयीने 'मराठी' असा वाचतो. हीही वाचनातली चूकच, तिची नोंद मात्र कुठल्या तक्त्यात होत नाही.

एकाच वर्गात अहिराणी, पावरी, भिली; शिक्षकाने किती भाषा शिकायच्या, असा प्रतिवाद होतो. एकही नको. 'तुमच्या घरी याला काय म्हणतात?' एवढे विचारता आले तरी पुरे. 'आठे' बरोबर समजलीस, आता इथे छापलेली अक्षरे पुन्हा बघ, असे म्हटल्याने प्रमाण मराठी बुडत नाही. ती मुलीला यायलाच हवी, याबद्दल माझे दुमत नाही.

आम्ही प्राध्यापकही धुतल्या तांदळासारखे नाही. १९५२ साली बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली तेव्हापासून खानदेशी बोलीचे गोडवे गाण्यात आमची हयात गेली. तीच माती पहिली-दुसरीतल्या पोरीच्या जिभेवर आली की ती अशुद्ध ठरते, हे आम्हाला कधी टोचले नाही.

तक्त्यात 'चूक'च्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: 'अर्थ कळला, शब्द घरचा'. एका रेघेचा खर्च शासनाला परवडायला हरकत नसावी.