अभयारण्याच्या वाटेवर कुत्रे नकोत

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) तथा मुख्य वन्यजीव रक्षक,
महाराष्ट्र राज्य, नागपूर



कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना आणि राज्यातल्या इतर सर्व अभयारण्यांच्या पायवाटांवर पर्यटकांनी आपले पाळीव कुत्रे नेऊ नयेत, असा स्पष्ट नियम आपण काढावा आणि तो प्रत्येक प्रवेशनाक्यावर ठळक मराठीत लावावा, एवढे मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले, कारण आपल्याइतकेच ते माझ्यासारख्या डोंगरात भटकणाऱ्यांनीही वाचायला हवे.

गेल्या काही वर्षांत सह्याद्रीतल्या सुट्टीचे चित्र बदलले आहे. शनिवारी पहाटे घोटीहून बारी गावाकडे वळणाऱ्या गाड्यांच्या मागच्या सीटवर लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, अगदी हस्कीसुद्धा बसलेले दिसतात. ‘पेट-फ्रेंडली ट्रेक’ अशा जाहिराती फिरतात. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर कुत्र्याला खांद्यावर घेऊन चढणाऱ्यांचे व्हिडिओ कौतुकाने पुढे पाठवले जातात. बर्फाळ प्रदेशासाठी जन्मलेल्या हस्कीला मार्चच्या उन्हात तापलेल्या काळ्या कातळावरून चालवण्यात कुत्र्याचे कसले सुख आहे, हे मला कधीच कळलेले नाही. पण आज मुद्दा कुत्र्याच्या हालांचा नाही.

मी स्वतः कुत्रा पाळतो. त्याच्यावाचून घर सुने वाटते, हे मला ठाऊक आहे. दत्तगुरूंच्या पायाशी श्वान बसवणाऱ्या, खंडोबाबरोबर कुत्र्यालाही मान देणाऱ्या समाजात मी वाढलो. त्यामुळे ही मागणी कुत्र्यांच्या रागातून आलेली नाही. अभयारण्य ही जागा ज्यांच्यासाठी राखली, त्यांचा तिथे पहिला हक्क आहे, आणि तो हक्क आपण हळूहळू, लाडाकोडात काढून घेत आहोत, म्हणून हे लिहितो.

एक प्रसंग सांगतो. मे महिना, काजव्यांचे दिवस. भंडारदरा जलाशयाचे पाणी मागे हटलेले, काठावर भेगाळलेला गाळ आणि गोटे. सकाळचे दहा वाजून गेले होते आणि ऊन चटकायला लागले होते. एका तंबूतल्या मंडळींनी त्यांचा तरणा कुत्रा मोकळा सोडला होता. टिटवीच्या एका जोडीने आभाळ डोक्यावर घेतले होते. एक त्याच्या पाठीवर झेपावत होती, दुसरी समोर उतरून ओरडत पुढे पुढे पळत होती, आणि कुत्रा शेपटी हलवत दोघींच्या मागे. मालकाने मला हसून सांगितले, “खेळतोय हो, काही करत नाही.” आणि खरोखरच त्याने काही केले नाही. अंडी त्याला दिसलीसुद्धा नाहीत. मला दिसली ती नंतर, दुर्बिणीतून: गोट्यांच्या मधल्या खळग्यात चार अंडी, मातीच्या रंगाची, काळसर डागांची, पाच पावलांवरूनही ओळखू न येणारी. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. उन्हाळ्यात नर-मादी पाळीपाळीने पाण्यात पोट भिजवून येतात आणि त्या ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवतात. आईबाप कुत्र्याला हुसकावण्यात गुंतले होते तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडली होती. कुत्र्याने चावा घ्यायची गरजच नसते. तो तिथे असणे पुरेसे होते.

‘काही करत नाही’ हे वाक्य मी वाटांवर वारंवार ऐकतो. मालकाच्या दृष्टीने ते खरेच असते. पण भेकर, पिसोरी, ससा, लावरी यांच्या लेखी कुत्रा हा लांडग्याच्या आणि कोळसुंद्याच्या जातकुळीतला शिकारी आहे. त्याने वाटेच्या कडेला मुतून ठेवलेला वास तो गेल्यावरही बोलत राहतो. चरायला, पाण्यावर यायला, पिलांना पाजायला जी जागा सुरक्षित होती, ती त्या वासाने काही काळ बंद होते. उन्हाळ्यात एखाद्या घळीत एकच पाणवठा उरलेला असतो आणि नेमक्या त्याच पाणवठ्यावर माणसेही कुत्र्याला पाणी पाजायला नेतात.

यावर पहिला उपाय म्हणून पट्टा सुचवला जातो: कुत्रा पट्ट्यात ठेवा म्हणजे झाले. गावाबाहेरच्या टेकडीसाठी हे पुरेसे असेल. अभयारण्यासाठी नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या जंगलवाटांवर झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत फार बोलका आहे. त्यातले कुत्रे पट्ट्यातच होते. तरीही कुत्रा चालून गेल्यावर त्या वाटेवर दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली. माणसे नुसती चालून गेली तेव्हाही पक्षी बिचकले, पण बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याहून कमी. आणि ज्या वाटांवर रोज कुत्रे फिरवले जात होते, तिथेही पक्षी सरावलेले नव्हते. ‘सवय होईल त्यांना’ असे म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवे.

रोगांचे गणित तर याहून गंभीर आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज हे कुत्र्यांचे रोग जंगलातल्या मांसाहारी प्राण्यांनाही होतात. कोल्हा, खोकड, कोळसुंदा, बिबट्या, वाघ यांतले कोणीच डिस्टेंपरपासून सुरक्षित नाही. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून मातीत उतरतो आणि महिनोन् महिने तग धरतो. टांझानियाच्या सेरेंगेटीत १९९४ साली डिस्टेंपरच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. त्या साथीचा माग काढताना संशोधक आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांपर्यंत पोहोचले आणि पुढे तिथे कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम उभी राहिली. आपल्या शेजारी गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबरात काही आठवड्यांत २० हून अधिक सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला. कोयना-चांदोलीच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ पुन्हा नांदावा म्हणून राज्य धडपडत आहे. तिथल्या रानात कोळसुंद्यांचे कळप आहेत. असा एखादा कळप साथीत गेला तर तो पुन्हा उभा करायला किती पिढ्या लागतील, हे आपल्या खात्याला मी सांगायला नको.

मुंबई-पुण्याहून येणारा कुत्रा बहुधा लस घेतलेला असतो, हे मान्य. पण नाक्यावर कोणीही लसीचे कार्ड पाहत नाही. आणि लस घेतली म्हणून वास जात नाही, पाठलाग थांबत नाही.

बिबट्याचा विचार तर ट्रेकर मंडळी करतच नाहीत. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या शेतशिवारात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात दिसले की बिबट्याच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव जनावरांतून येतो आणि एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य याच तालुक्यात येते. म्हणजे ज्या बिबट्याच्या मुलखात आपण तंबू ठोकतो, तो कुत्र्याला नेहमीचे भक्ष्य म्हणून ओळखतो. रात्री तंबूबाहेर कुत्रा बांधणे म्हणजे बिबट्याला तंबूपर्यंत बोलावणे. उद्या एखादा अपघात झाला तर पिंजरा लागेल तो बिबट्यासाठीच.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. ‘पाचनई, रतनवाडी, साम्रद इथली गावची कुत्री तर रोज जंगलात हिंडतात. मग शहरातून आलेल्या एका कुत्र्याने असे काय बिघडते?’

गावची कुत्री हा मोठा प्रश्न आहे, यात शंका नाही. देशभरातल्या नोंदी गोळा करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यजीवांच्या ८० जाती आढळल्या आणि त्यांतल्या ३१ जाती धोक्यात आलेल्यांच्या जागतिक यादीतल्या आहेत. यातले बहुतेक हल्ले मालकाविना, टोळीने फिरणाऱ्या कुत्र्यांचे होते. पण गावकऱ्याचा कुत्रा आणि पर्यटकाचा कुत्रा एका मापाने मोजू नयेत. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे या डोंगरांत १९८६ साली अभयारण्य जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून राहतात. त्यांचा कुत्रा रात्री शेळ्या राखतो, पिकात घुसणाऱ्या डुकरांना हाकलतो, परसात बिबट्या आला की सगळ्या वाडीला जागे करतो. कोयनेच्या बाजूच्या धनगरवाड्यांतही तेच. त्यांच्या कुत्र्याला काम आहे. पर्यटकाच्या कुत्र्याला तिथे कसलेच काम नाही. म्हणून बंदी पर्यटकांवर असावी, गावांवर नाही. एका नियमाच्या नावाखाली उद्या गावकऱ्याच्या अंगणातला कुत्रा उचलून नेला गेला, तर त्याविरुद्ध पहिले पत्र मीच लिहीन.

गावच्या कुत्र्यांना जंगलात ओढून नेण्यातही आमचाच हात आहे. पायथ्याच्या गावातून निघताना एखादा कुत्रा मागे लागतो. त्याला बिस्किटे मिळतात, मग तो ‘आमचा वाटाड्या’ होतो, त्याचे फोटो निघतात, त्याला नाव मिळते. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगडाकडे उतरणाऱ्या मोहिमांमागे रतनवाडीचा कुत्रा दोन दिवस चालत येतो. मोहीम पाचनईला उतरून गाडीत बसते आणि तो परक्या गावात उरतो. तिथली कुत्री त्याला फाडायला उठतात. मग तो परत रानात शिरतो किंवा गडावरच राहतो. गडमाथ्यावर उरलेल्या अन्नावर जगणाऱ्या कुत्र्यांच्या टोळ्या अशाच वाढतात. पर्यटक कमी झाले की त्यांचे पोट कशावर भरत असेल, याचा विचार बिस्किटाचा पुडा फोडण्यापूर्वी प्रत्येकाने करावा.

आता अधिकाराचा प्रश्न. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा कायदा आपल्याला पुरेसे बळ देतो. कलम ३३ नुसार अभयारण्यांचे नियंत्रण, व्यवस्थापन आणि संरक्षण आपल्याकडे आहे. कलम २८ खाली पर्यटकाला मिळणारा प्रवेश हा परवाना आहे आणि परवान्याला अटी असतात. वन्यप्राण्याला त्रास देण्यास कलम २७ मनाई करते. कलम ३३-अ अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या परिघात पाळीव जनावरांचे लसीकरण करण्याची जबाबदारी आपल्यावर टाकते. मात्र या कायद्यात पाळीव जनावरांच्या व्याख्येत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंट, डुक्कर, कोंबडी, बदक अशी नावे दिलेली आहेत, कुत्रा त्यात नाही. जंगलातल्या मांसाहारी प्राण्यांना ज्याच्याकडून साथीचा सर्वांत मोठा धोका आहे, त्याचेच नाव त्या यादीत नसावे, ही उणीव आपण राज्याच्या पातळीवर भरून काढू शकता. पशुसंवर्धन विभागाला सोबत घेऊन अभयारण्यातल्या आणि सीमेवरच्या गावांत दरवर्षी कुत्र्यांसाठी लसीकरण आणि निर्बीजीकरणाची शिबिरे भरवा. गावकरी विरोध करणार नाहीत. आपला कुत्रा वर्षानुवर्षे जगावा, असे त्यांनाही वाटतेच.

व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या जिप्सीत कुत्रा घेऊन बसण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. भीमाशंकरच्या शेकरूला, हरिश्चंद्रगडाच्या भेकराला तेवढेच संरक्षण का असू नये? कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले मराठी लोक योसेमिटीला जातात तेव्हा तिथल्या बहुतेक पायवाटांवर कुत्रा नेता येत नाही, हे विनातक्रार पाळतात. स्विस राष्ट्रीय उद्यानात तर पट्ट्यातला कुत्राही चालत नाही. तेच लोक सुट्टीत इथे आले की इथले नियम पाळतील. फक्त नियम असायला हवा.

सर्व डोंगर बंद करा, असे मी म्हणत नाही. अभयारण्याबाहेर कित्येक किल्ले आणि टेकड्या आहेत. तिथे पट्ट्यात, विष्ठा उचलण्याच्या अटीवर, कुत्र्यासोबत जाता यावे. कुठे चालते आणि कुठे नाही, याची जिल्हावार यादी आपल्या खात्याने जाहीर केली तर अर्धे वाद तिथेच मिटतील. अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याला आणि आपल्या खात्याच्या श्वानपथकांना अर्थातच सूट हवी. मेळघाट आणि पेंचमध्ये शिकाऱ्यांचा माग काढणारे कुत्रे जंगलाची सेवाच करतात. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या संस्थांना मात्र कसलीही सवलत नको. अभयारण्यात ‘पेट-फ्रेंडली’ सहल नेणाऱ्याचा परवाना थांबवा. नाक्यावर पावती फाडणारी मुले बहुतेक गावचीच असतात. गाडीतून उतरलेल्या साहेबाला ‘कुत्रा आत नेता येणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार त्यांना आपल्या सहीच्या कागदातूनच मिळू शकतो. आज तो कागद त्यांच्या हातात नाही, म्हणून ती गप्प बसतात.

मेच्या अखेरीस काजवे सुरू होतात आणि भंडारदऱ्याच्या काठावर मोठी गर्दी होते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांचा विणीचा हंगामही नेमका तोच. हा आदेश त्याआधी निघावा, ही आपल्याला विनंती.

आणि डोंगरातल्या सोबत्यांनो, आदेशाची वाट पाहू नका. अभयारण्यात जाणार असाल त्या दिवशी कुत्रा घरी ठेवा, आणि गावचा कुत्रा मागे लागला तर बिस्किट न देता त्याला वेशीवरूनच परत पाठवा.

आपला,
सह्याद्रीतला एक पायी भटकणारा